अर्ध्या पट्टीचं कार्ड

नुकसान झालं होतं एप्रिलमध्येच, पण मारोतराव झाड्यांना ते कळलं मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला. त्या दिवशी त्यांनी बायकोचा कॉम्प्युटर अकरा महिन्यांनी पहिल्यांदा चालू केला. कॉम्प्युटरने त्यांना आत घेतलं, बसायला दिलं म्हणायला हरकत नाही, पण ज्या कामासाठी ते आले होते ते काम करायला साफ नकार दिला. मारोतराव बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते, हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. ही पद्धत त्यांना चांगली ओळखीची होती. फक्त टेबलाच्या या बाजूने ती कधी पाहिली नव्हती.

बायको म्हणजे चारुशीला. नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत वीस वर्षं ‘चारुशीला टायपिंग’ चालायचं. मुलामुलींच्या लग्नाचे बायोडाटा, बारशाची आमंत्रणं, दुकानाच्या उद्घाटनाची पत्रकं, तेरवीची कार्डं, सगळं मराठीत आणि सगळं या एकाच कॉम्प्युटरवर. तलावाच्या अलीकडच्या चार गल्ल्यांत कुणी जन्मो, लग्न करो की मरो, तिने टाइप केल्याशिवाय ते पक्कं मानत नसत. गेल्या जूनमध्ये ती गेली. तिचं कार्ड मात्र बाहेरून छापून आणावं लागलं आणि त्यात झाडेचं झोडे झालं होतं.

आता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. त्याचं कार्ड तरी तिच्याच एखाद्या नमुन्यावरून काढावं, एवढ्यासाठी मारोतराव तिच्या खुर्चीत बसले. नमुना शोधता शोधता फायलींच्या लांबलचक यादीत त्यांना स्वतःचं नाव दिसलं. मारोतराव-तीन.

यादीत अख्ख्या गल्लीची नावं होती, पण ती गिऱ्हाइकं होती. मारोतरावांनी जन्मात तिच्याकडून एक ओळ टाइप करून घेतली नव्हती. मग ही फाईल कसली? आणि तीन, म्हणजे एक आणि दोन कुठे गेल्या? त्यांनी फाईल उघडायला घेतली आणि पडद्यावर पाटी आली की कुलूप सापडत नाही.

हे कुलूप काय ते सांगायला हवं. मराठी टायपिंगचं ते जुनं सॉफ्टवेअर कुणी चोरून वापरू नये म्हणून विकणाऱ्याने त्यासोबत काडेपेटीएवढा एक ठोकळा दिला होता. पूर्वी प्रिंटरची जाड वायर कॉम्प्युटरच्या मागे ज्या लांबट भोकात लागायची, त्यात तो खोचायचा. ठोकळा दिसला की सॉफ्टवेअर उघडणार, नाही दिसला तर नाही. चारुशीला त्याला कुलूप म्हणायची आणि दसऱ्याला हळदकुंकू लावायची.

मारोतरावांनी खाली बसून मागे पाहिलं. कुलूप जागेवरच होतं. पण ते ज्या भोकात होतं त्याला हिरवा गंज चढला होता. मग त्यांनी वर पाहिलं. वर खिडकीत कूलर होता.

दर उन्हाळ्यात कूलर लागला की चारुशीला कॉम्प्युटरच्या पाठीवर फ्लेक्सचा एक तुकडा टांगायची. यंदा कूलर मारोतरावांनी एकट्याने लावला. नवा पंप, गवताच्या नव्या ताट्या. काम झाल्यावर ते दहा मिनिटं कूलरसमोर बसून स्वतःवर खूश झाले होते. फ्लेक्सची आठवण त्यांना झाली नाही, आणि करून देणारं घरात कुणी नव्हतं. महिनाभर कूलर कॉम्प्युटरच्या पाठीवर बारीक पाणी शिंपडत राहिला.

एवढ्यात शेजारचे नानाजी आले. नानाजी एसटीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि बिघाडाचा वास त्यांना भिंतीपलीकडून येत असे.

“काहून गा मारोतराव, असा भुईवर काहून बसला?”

मारोतरावांनी सगळं सांगितलं. नानाजींनी पडद्यावरचं नाव वाचलं, विचार केला आणि म्हणाले, “हे तक्रार असन.”

“कोणाची?”

“तुही. अजून कोणाची? तीन म्हणजे तिसरं स्मरणपत्र.”

मारोतरावांना राग आला, कारण ते त्यांना पटलं. पहिल्या दोन पत्रांना आपण उत्तर दिलं नसणार, ही शंका त्यांच्या मनात घुसली ती घुसलीच. त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलगी मयुरा फोनवर म्हणाली, “बाबा, तो डबा भंगारात द्या न. मी लॅपटॉप पाठवते.” तिला फाईलचं काही न सांगता मारोतरावांनी फोन ठेवला. तक्रार आपल्या नावाची आहे; आधी आपण वाचावी आणि मग कुणाला दाखवायची ते ठरवावं, असा साधा कार्यालयीन विचार त्यांनी केला.

दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीला गेले. व्हरायटी चौकाच्या मागच्या एका बोळात गोलूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गोलू हे नाव त्याला लहानपणी पडलं होतं आणि पन्नाशीपर्यंत टिकलं होतं, फक्त माणूस आता हडकुळा झाला होता. मारोतरावांनी मोबाइलमधला फोटो दाखवला.

“हे पोर्ट खतम हाय, काकाजी.”

“ठोकळा दुसऱ्या कॉम्प्युटरले लावला तं?”

“नव्या कॉम्प्युटरले हे भोकच नसते. आन हे सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाई. वेगळं कार्ड टाका लागते. आतमधी मदरबोर्डावर खाचा असतात. खाचेत कार्ड बसवाचं, कार्डाले हेच भोक असते. तुमची खाच कोणती हाय?”

हेड क्लार्कने मला माहीत नाही म्हणायचं नसतं. बत्तीस वर्षांत मारोतराव हे वाक्य बोलले नव्हते. ते म्हणाले, “चांगली आहे.”

गोलूने एक कार्ड काढून दिलं.

घरी येऊन नानाजींनी कॉम्प्युटर उघडला. आत तीन खाचा होत्या, पांढऱ्या आणि लांब. कार्डाचे दात आखूड होते आणि मधली फट भलत्याच जागी होती. हे कार्ड नव्या पद्धतीचं, खाच जुन्या पद्धतीची, एवढं सरळ होतं. पण नानाजींच्या मते जगात न बसणारी वस्तू नसते, फक्त कमी घासलेली वस्तू असते.

“एसटीत आमी दुसऱ्या गाडीचा गिअर बसवून गाडी भंडाऱ्याले पाठवली. हे का नाई बसन?” म्हणत ते कानस घेऊन आले.

अर्धा तास कानस चालली. कार्डाचे चार दात गेले, तरी ते बसलं नाही. मारोतराव ते परत घेऊन बर्डीला गेले. गोलूने कार्ड उजेडात धरलं.

“काकाजी, याले का झालं?”

“आधीपासूनच तसं होतं,” मारोतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकानदाराशी खोटं बोलायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही, कारण नानाजी बाजूलाच उभे होते आणि अभिमानाने म्हणाले, “मी घासलं.”

दुसरं कार्ड जुन्या पद्धतीचं मिळालं. खाचेत ते असं बसलं की नानाजींनी टाळी वाजवली. पण चारुशीलाचा कॉम्प्युटर सडपातळ होता. जागा कमी म्हणून तिने मुद्दाम तसला घेतला होता. कार्डाच्या टोकाला जी पत्र्याची पट्टी असते ती पूर्ण लांबीची होती, म्हणून कार्ड दीड इंच वर राहिलं आणि झाकण लागेना. नानाजी म्हणाले, झाकण न लावताच चालव. कुलूप नव्या कार्डाला लावून तसं करून पाहिलं. पडद्यावर तीच पाटी. कुलूप सापडत नाही.

समोरच्या शोभाताई हा सगळा उद्योग दारातून पाहत होत्या. त्या आत आल्या. “भाऊजी, मी पहिल्या दिवसापासून पाहून राहिली. तुमच्या कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेकडे आहे. कसं चालन ते?”

“त्याचं तोंड उत्तरेकडे आहे, ताई. हा पाहा पडदा.”

“पडदा म्हणजे तोंड कसं काय? जिथून वायरी आत जातात ते तोंड. माणूस खाते तिकडूनच न?”

यावर पाऊण तास चर्चा झाली. नानाजींचं मत पडलं की कॉम्प्युटरला दोन तोंडं असतात. शेवटी शांतता राहावी म्हणून टेबल फिरवलं. त्यात कूलर आता मारोतरावांच्या मानेवर पाणी शिंपडू लागला. पाटी तीच.

गोलूने या वेळी त्यांना स्टुलावर बसवलं. दोन कार्डं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चहा पाजत असे.

“काकाजी, तुमचं सॉफ्टवेअर जुन्या माणसासारखं हाय. त्याले एकच पत्ता पाठ हाय. तिथं जाते, दार वाजवते, आतून कोनी बोललं नाई की वापस. नवं कार्ड बाजूच्या घरात राहून राहिलं, पन त्याले तिकडं पाहाचंच नाई.”

“मग?”

“तीन गुन पायजे. जुन्या खाचेचं पायजे, अर्ध्या पट्टीचं पायजे, आन जुना पत्ता घेनारं पायजे. तिन्ही एकात.”

मारोतराव घरी आले ते बायोडाट्यांचा विचार करत. मुलगा इंजिनिअर हवा, नागपूरचाच हवा आणि उंची पाच-दहा हवी, असं लिहून घेणाऱ्या बापांना चारुशीला सांगायची, दोन गोष्टी मागा भाऊ, तिसरीसाठी पोरगी घरी बसन. आता तेच मारोतरावांच्या वाट्याला आलं होतं. नऊ दिवस ते रोज गोलूला फोन करत होते आणि आवाजात नवरीच्या बापाची लाचारी आली होती. जाग आली की तक्रारीचा मजकूर सुचायचा. एकदा तिला हॉटेलात न्यायचं कबूल करून नेलं नव्हतं. एकदा तिच्या माहेरी जाऊन न जेवता परतलो होतो. पत्र तीनच पानांचं असलं तर नशीब.

दहाव्या दिवशी स्थळ मिळालं. एक धर्मकाटा बंद पडला होता. कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या तिथल्या कॉम्प्युटरमधून गोलूने कार्ड काढून आणलं होतं. त्यावर इतका कोळसा होता की नानाजींनी ते जुन्या ब्रशने घासलं, कानशीला मात्र हात लावू दिला गेला नाही. कार्ड खाचेत बसलं. झाकण लागलं. पण पत्ता बदलायची विद्या गोलूकडे नव्हती. “ते जानकार लोक आता बाजारात नाई राहिले,” तो म्हणाला.

एक जाणकार भिंतीपलीकडेच निघाली. नानाजींची सून श्वेता विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायची. ती म्हणाली, “काकाजी, दहा मिनिटांचं काम आहे. पण आज बॅगा भरायच्या आहेत, आणि मी उद्या ऑफिसातूनच पुण्याची गाडी पकडून राहिली. तीन महिने तिकडेच. आल्यावर करू का?”

मारोतराव हो म्हणाले. वर्षभर ज्या फाईलचा पत्ता नव्हता तिला तीन महिने थांबायला काय हरकत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण सकाळी उठून त्यांनी कॉम्प्युटर पांढऱ्या चादरीत बांधला आणि नानाजींना हाक मारली.

ऑटोत दोन म्हातारे, मांडीवर पांढरं गाठोडं आणि चादरीला पुसलं गेलेलं कुलपाचं जुनं कुंकू. ऑटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. मग गाणं बंद केलं आणि पूर्ण रस्ता गाडी हळू चालवली. उतरताना त्याने गाठोड्याला हात जोडले.

श्वेताच्या कंपनीच्या गेटवर नत्थूजी नावाचे सिक्युरिटी गार्ड होते, साठीला आलेले, मिशीवाले. त्यांनी रजिस्टर उघडलं.

“वस्तूचा नंबर?”

नंबर मागच्या चिकटपट्टीवर होता. ती कूलरच्या पाण्याने धुतली गेली होती.

“नंबर नाई तं एंट्री नाई.”

“मग आम्ही परत जातो.”

“वापस कसे जाता? तुमी पिवळी रेष ओलांडली. रेषेच्या आत आली ते वस्तू कंपनीच्या हद्दीत. बाहेर न्याले आउटवर्ड पास लागते, आन पासवर इनवर्डचा नंबर लागते.”

नानाजी चिडले. “म्हणजे आत बी नाई आन बाहेर बी नाई? इथं का झाड लावाचं याचं?”

मारोतराव मात्र थक्क होऊन पाहत राहिले. एवढी बिनचूक अडवणूक त्यांनी निवृत्तीनंतर पाहिली नव्हती. त्यांनी चश्मा पुसला आणि अदबीने रजिस्टर मागितलं. नत्थूजींनीही समोरचा माणूस कोण आहे ते ओळखलं असावं, कारण ते सरळ करून समोर ठेवलं. मारोतरावांनी रकाने वाचले. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “इथं ‘शेरा’ आहे.”

“हाय.”

“लिहा. खासगी वस्तू, एक नग, क्रमांक पुसलेला, समक्ष पाहिला. खाली सही. क्रमांक नाही हाच तिचा क्रमांक.”

नत्थूजींनी मिशी चोळली. “साहेब, कोणत्या खात्यात होते?”

“पाटबंधारे.”

“मंग बरोबर हाय.” त्यांनी लिहून घेतलं. पण मुख्य इमारतीत न्यायची परवानगी नव्हती, ती फक्त गेटवरच्या केबिनपर्यंत.

जेवणाच्या सुटीत श्वेता हातात डबा घेऊन धावत आली. कपाळाला हात लावला, मग हसली. केबिनमध्ये कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारा एक पडदा होता. तिने त्याची वायर काढली. “नत्थूजी, दहा मिनिटं गेट डोळ्यानं पाहा.”

“डोळ्यानं?” नत्थूजी गडबडले. “आठ वर्सं झाले, तसं नाई पाह्यलं.”

तिने एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने काम केलं. “गंजलेलं पोर्ट अजून जुना पत्ता धरून बसलं आहे, काकाजी. आधी त्याला बंद करते, मग तो पत्ता नव्या कार्डाला देते. झालं. उघडा तुम्हीच.”

मारोतरावांनी स्वतःच्या नावावर दोनदा टिचकी मारली. पाटी आली नाही.

आधी काळी चौकट दिसली, मग मधोमध जाड अक्षरं. वाचलं नत्थूजींनी, गेटकडे पाठ करून, मोठ्याने. “कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या कुटुंबातील ज्येष्ठ व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व श्री. मारोतराव गणपतराव झाडे यांचे दिनांक… तारीख नाई लिवली… रोजी अल्पशा किंवा दीर्घ आजाराने, नको ते खोडणे, दुःखद निधन झाले. गंगापूजन व तेरवीचा कार्यक्रम राहत्या घरी.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “कोन होते, साहेब?”

“मी,” मारोतराव म्हणाले.

नत्थूजींनी रजिस्टरकडे पाहिलं. या गोष्टीला रकाना नव्हता.

नानाजी पडद्याला नाक लावून वाचत होते. “मनमिळाऊच्या पुढं प्रश्नचिन्ह काहून हाय, गा?”

खरंच होतं. कंसात, ठसठशीत. चारुशीला प्रत्येक तेरवीच्या कार्डात मनमिळाऊ घालायची, माणूस जन्मभर भांडलेला असला तरी. नवऱ्यापाशी येऊन तिचा हात अडला होता. तिसरा मसुदा झाला तरी अडलेलाच. मारोतरावांना चार लोकांसमोर झालेला हा अपमान लागला. ते काही बोलणार होते, पण खाली बारीक अक्षरांत आणखी मजकूर होता. गिऱ्हाइकाच्या कामावर ती स्वतःसाठी टिपणं लिहायची तसा. वर लिहिलं होतं, ‘छापताना काढणे.’

‘लोक त्या दिवशी रडत येतात आणि नावं चुकीची सांगतात. त्या दिवशी मलाही काही सुचणार नाही, म्हणून आताच लिहून ठेवते. ते सहा वर्षांनी मोठे, हृदयात दोन स्टेंट आहेत, आधी तेच जाणार. झाडेचं झोडे होऊ देऊ नये, छापणारे करतात. तेरवीला बुंदी नको, त्यांना आवडत नाही. नानाजींना फोनवर सांगू नये, घरी जाऊन सांगावं, बी.पी. आहे. कूलर कोण लावणार ते पाहावं.’

नानाजींनी एकदम बाहेर जाऊन गेट पाहायला सुरुवात केली. नत्थूजींनी नसलेल्या तंबाखूसाठी खिसे चाचपले. श्वेता डब्याचं झाकण लावत राहिली, ते केव्हाच लागलं होतं.

मारोतराव अजून वाचत होते. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात ‘शोकाकुल’ होतं. त्याखाली पहिलं नाव, श्रीमती चारुशीला मारोतराव झाडे. मग मयुरा, जावई. लग्न झाल्यापासून चारुशीला प्रत्येक कागदावर नावामागे सौ. लावायची, विजेच्या अर्जावरसुद्धा. इथे तिने स्वतःच्या हाताने सौ. काढून श्रीमती केलं होतं. पूर्वतयारी म्हणून. आणि अगदी तळाला नेहमीची ओळ, अक्षरजुळणी : चारुशीला टायपिंग, सक्करदरा.

“काकाजी,” श्वेता हळूच म्हणाली, “ते पहिलं नाव काढून देऊ का? एक बटण दाबलं की निघते.”

“नको. तुही गाडी चुकन.”

बाहेर पडताना आउटवर्ड पासवर ‘वस्तू नेण्याचे कारण’ असा रकाना होता. नत्थूजींनी पेन थांबवून विचारलं, “यात का लिहू?” मारोतरावांनी ‘काम झाले’ असं लिहायला सांगितलं. पासच्या दोन प्रती झाल्या. नत्थूजींनी उभं राहून सॅलूट केला, तो कुणाला ते कळलं नाही.

वर्षश्राद्धाचं कार्ड मारोतरावांनी स्वतः एका बोटाने टाइप केलं. त्याला चार दिवस लागले. चारुशीलाच्या नावामागे मनमिळाऊ लिहिलं आणि पुढे काही टाकलं नाही. झाडे बरोबर छापून आलं. कॉम्प्युटरच्या पाठीवर आता फ्लेक्स आहे. शोभाताईंच्या म्हणण्याप्रमाणे टेबल अजून फिरवलेलंच आहे, म्हणून मारोतराव टाइप करताना मानेवर टॉवेल घेतात.

मारोतराव-तीनमधलं प्रश्नचिन्ह त्यांनी त्याच दिवशी घरी आल्याबरोबर काढलं. अल्पशा की दीर्घ ते ठरायचं आहे. तारीख टाकायची आहे. शोकाकुलखालचं पहिलं नाव काढायचं अजून राहिलं आहे.